न जळणारी फळी

टेकाडपूरचे राजे अंबाजीराव यांनी परदेशातून एक लेझर यंत्र मागवलं आणि राज्याची झोप उडाली. यंत्र प्रकाशाच्या किरणानं लाकूड कापायचं. महाराजांनी लगेच सासरेबुवांना कळवून टाकलं, की यंदा दिवाळीला राजवाड्यावर लाकडी जाळीचा आकाशकंदील लागेल आणि तो आम्ही स्वतःच्या हातानं केलेला असेल. दिवाळी तोंडावर आली, सासरे निघालेसुद्धा, आणि यंत्र काही लाकूड कापेना.

दोष यंत्राचा नव्हता. राजवाड्यात येईल ती वस्तू पहिल्या प्रतीचीच हवी, हा महाराजांचा हट्ट. म्हणून प्रधान नारोपंतांनी सगळ्यांत महागडी प्लाय आणवली. आगीत न जळणारी, पाण्यात न फुगणारी, वाळवी न लागणारी. किरण तिच्यावर पडला, धूर झाला, काळी रेघ उमटली आणि फळी होती तशीच राहिली. नारोपंतांनी वड्याचं तेल वांग्यावर काढलं आणि राजवाड्याच्या सुताराला, रावजी मिस्त्रीला, दरबारात उभं केलं.

रावजी साधा माणूस, खरं बोलून बसला. किरण लाकडाला जाळूनच कापतो महाराज, म्हणाला, मग जी जळणारच नाही ती कापली कशी जाणार? फळांच्या खोक्याला वापरतात तसली पातळ, हलकी प्लाय आणू या.

राजाच्या कंदिलाला खोक्याची फळी! महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"मिस्त्री, आता नीट ऐक. जी आगीत जळत नाही, पाण्यात भिजत नाही, जिला वाळवी लागत नाही, अशीच फळी आम्हाला हवी. आणि ती या यंत्रानं कापलीही गेली पाहिजे. वसुबारसेपर्यंत आण. नाहीतर गढीखालची तुझी सुतारशाळा रिकामी कर. आम्ही तिथे घोडे बांधू."

सुतारशाळा रावजीच्या आज्यानं उभारलेली. रावजी घरी आला आणि भरल्या ताटावरून उठला. त्याची मुलगी सगुणा जिभेची तिखट. तोंड आवर, तोंड आवर, असं बापानं तिला जन्मभर सांगितलेलं. तिनं महाराजांचा हुकूम बापाकडून शब्दाला शब्द वदवून घेतला आणि फिदीफिदी हसायला लागली.

"आबा, जेवून घ्या. वसुबारसेला दरबारात मी येते."

"तू बोलणार तिथं?"

"मग काय, मुकी राहायला येऊ?"

वसुबारसेला दरबार खच्चून भरला. रिकाम्या हातानं आलेली पोरगी पाहून नारोपंतांना आनंद लपवता येईना. फळी कुठाय, महाराजांनी विचारलं. सगुणा म्हणाली, "आपल्याच कोठारात आहे. कुलूप तेवढं काढायला सांगा."

आता टेकाडपुरात एक रीत होती. प्रत्येक कचेरीत महाराजांची तसबीर लावायचीच. पातळ फळीवर डकवलेली, चौकटीत बसवलेली. पण महाराजांना मिशांची हौस भारी. कधी झुपकेदार, कधी पिळदार, कधी विंचवाच्या नांगीसारख्या वर वळलेल्या. मिशी बदलली की राज्यभरच्या तसबिरी बदलायच्या. जुन्यांचं काय करायचं? देवाची जुनी तसबीर आपण नेऊन पिंपळाखाली ठेवतो, फेकवत नाही. राजाची तर तशीही ठेवता येत नव्हती, कारण राजमुखाची विटंबना करील त्याला हद्दपार करण्याचा हुकूम होता. त्यामुळे सगळे जुने महाराज कोठारात साठले होते. खास छपराखाली, रोज झाडूनपुसून.

शिपाई एकेक महाराज डोक्यावर घेऊन आले. दरबार उठून उभा राहिला. न राहून करतो काय!

सगुणानं पिळदार मिशांची एक तसबीर चौकटीतून काढून नारोपंतांच्या हातात दिली आणि शेजारच्या शेगडीकडे बोट दाखवलं. "प्रधानजी, जाळून बघा."

नारोपंत शेगडीपासून लांब सरकले. राजमुखाला आग लावायचं पाप माझ्या हातून होणार नाही, असं त्यांनी तीनतीनदा सांगितलं. मग सगुणानं सेनापतींना ती हौदात बुडवायला सांगितली. तलवारीला न भिणारे सेनापती दोन पावलं मागे सरले. शेवटी तिनं कोठारावरच्या कारकुनाला विचारलं, यांना कधी वाळवी लागली का? तो बिचारा रडायच्या बेतात आला. लागली असती तर मी आज या राज्यात असतो का, म्हणाला.

"पाहिलंत ना महाराज?" सगुणा म्हणाली. "सगळ्या राज्यात कुणाची टाप नाही ही जाळायची, भिजवायची. वाळवीसुद्धा हुकूम पाळते. राहिलं कापणं. आपल्या तोंडावर हत्यार चालवायचा हक्क आपल्याशिवाय कुणाला? बटण आपण दाबा."

रावजीनं डोळे मिटून घेतले. महाराजांनी फळी उचलली, पालथी केली, बोटांनी चाचपली. पातळ, कोरडी, जराही बाक न आलेली. यंत्रात पालथी ठेवून त्यांनी बटण दाबलं. किरण सुर्रकन फिरला आणि जाळीची पहिली पाकळी टपकन खाली पडली, कडा स्वच्छ, आरपार कापलेली. महाराज लहान मुलासारखे हरखले. त्यांनी पाकळी उलटून पाहिली, तर तिच्यावर त्यांचीच अर्धी मिशी होती.

आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग अंबाजीराव असे हसले की सिंहासन कुरकुरलं. नारोपंतही हसले, पण जरा उशिरा.

सुतारशाळा रावजीचीच, पिढ्यान् पिढ्या, असं महाराजांनी तिथेच जाहीर केलं. बोटातली अंगठी काढून सगुणाला दिली आणि आणखी काय हवं ते माग म्हणाले.

सगुणानं कोठाराकडे पाहिलं, मग महाराजांच्या मिशांकडे.

"एकच मागणं आहे. मला आणि आबांनाही त्या यंत्रावर कंदील करू द्या. आणि महाराज, दरवर्षी मिशी तेवढी बदलत चला. फळ्या कमी पडायला नकोत."

महाराजांनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथे न्हावी बोलावला.