न रडणारं बाळ

अबोलीच्या वाफ्यांपलीकडे एक कौलारू घर होतं. त्या घरात चार मुलं अशी रडायची, की कौलांवरची पाखरं उडून जायची. एक तान्हं मात्र कधीच रडत नसे. ही त्याची गोष्ट, आणि त्याच्या ताईची.

ताईचं नाव यमू. वय वर्षं आठ, परकराला दोन ठिगळं. वडील आधीच गेले होते, श्रावण संपता संपता आईही गेली, तेव्हा काकूनं यमूला आणि तान्ह्या नामूला आपल्या घरी आणलं. काकू वाईट नव्हती बरं का. पण गाय एक, दुधाची वाटी एक आणि स्वतःची पोरं चार. जो आधी भोकाड पसरेल, त्याच्या तोंडाला वाटी लागायची.

आई गेली तेव्हा नामू दोन दिवस सारखा रडला होता. दर वेळी कुणी ना कुणी धावत आलं, पण आई काही आली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं रडणंच सोडलं. शेजारणी म्हणत, काय गुणी बाळ आहे, मेलं कुणाला त्रास देत नाही. त्याचे गोबरे गाल उतरत चालले होते, ते कुणी बघत नव्हतं. यमूनं त्याच्यासाठी दूध मागितलं, की काकू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, “भूक लागली की रडेल गं तो. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.”

यमू आपल्या वाटणीची पेज त्याला बोटानं चाटवायची. पण तेवढ्यानं काय होणार? नामू दिवसेंदिवस हलका होत होता, आणि उचलताना यमूला ते कळत होतं. तिला फार भीती वाटायची.

वाफ्यांना पाणी घालायचं काम यमूचं होतं. ते तिला आईनंच शिकवलं होतं. आधी मातीत बोट घालायचं, ओल लागली नाही तर पाणी द्यायचं. आई म्हणायची, रोप मान टाकेपर्यंत थांबलीस तर उशीर झाला समज.

एका दुपारी कोपऱ्यातल्या एवढ्याशा रोपाला तिनं ओंजळभर पाणी घातलं, तर केशरी फुलातून लख्खकन उजेड सांडला. उजेडात इवलीशी परी उभी! झगा केशरी, पंख दवासारखे, पायांत चिमुकले चांदीचे वाळे.

“माग, यमू,” परी म्हणाली. “एकच इच्छा. पण ज्याला हवं, त्यानंच मागायचं. आणि गेलेलं माणूस मागायचं नाही.”

यमूच्या ओठांवर आलेला शब्द तिथंच विरून गेला. डोळे पुसून ती घरात पळाली आणि नामूला घेऊन आली. त्याला दूध हवंय, ती म्हणाली. परीनं मान हलवली. मग त्यानंच मागायला हवं, निदान रडायला तरी हवं. हळूच एक चिमटा काढ, रडेल.

यमूनं बोटं त्याच्या दंडाजवळ नेली. दंड काडीसारखा झाला होता. नामू तिच्याकडे बघून नुसते ओठ चाटत होता. तिनं बोटं मागे घेतली.

“मी नाही त्याला रडवणार,” ती म्हणाली. “आई कधी रडायची वाट बघत नव्हती. यानं ओठ चाटले, की ती हातातलं खुरपं खाली ठेवायची. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, ही म्हण कुणी केली, मला माहीत नाही. आईनं नसेल केली.”

परीनं वाफ्यातल्या ओल्या मातीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, “माझ्या रोपाला तहान लागलीय, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी मातीत बोट घातलं.”

परीनं आपल्या पायांतले वाळे काढले आणि तळहातांत धरले. बघता बघता त्यांची चांदीची चिमुकली वाटी झाली, काठोकाठ दुधानं भरलेली. “न मागता दिलं, की परीला फुलात राहता येत नाही,” ती हसून म्हणाली. “असू दे. जवळचं मूल भुकेलं, की ही वाटी आपली आपण भरेल. ते रडायच्या आधी.” केशरी, गुलाबी, सोनेरी असा उजेड वाफ्यावर पसरला, आणि त्यात परी मिसळून गेली.

नामू वाटीभर दूध प्यायला. पोट भरलं, त्यानं इकडे तिकडे पाहिलं, आणि मग तो रडला. इतक्या दिवसांचं सगळं रडला.

आवाज ऐकून काकू हातात दूध घेऊन धावत आली. “आण, आण त्याला. रडला ना शेवटी, भूक लागली असेल.”

“त्याचं पोट भरलंय, काकू,” यमू म्हणाली. “त्याला आई हवीय.”

काकूच्या हातातलं भांडं कललं. ती तिथंच मातीत बसली. नामूला तिनं उचललं, आणि त्याच्या हलकेपणानं तिचा चेहरा पांढरा पडला. मग दुसरा हात तिनं यमूकडे पसरला. यमूनं तो मागितला नव्हता.

चांदीची वाटी पुढे त्या घरातल्या सगळ्या मुलांना पुरली. आई मात्र आली नाही, ती कशी येणार? आणि काकूच्या तोंडी ती म्हण एकदाच आली, तीही अर्धी. रडल्याशिवाय, एवढं म्हणून ती थांबली, आणि उठून मुलांची पोटं चाचपून आली.