पानावरचा पाहुणा

"...मग मी करायला काय हवं होतं, नाना? त्याला तसंच बोलू द्यायचं होतं?"

शार्दूलनं पुन्हा तेच विचारलं. नाना उमरजकर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. दाणे एका वाटीत, टरफलं दुसरीत. उत्तर कुठल्याच वाटीत पडलं नाही.

धामणटाकळीच्या जुन्या बारवेच्या काठावर एक ओवरी आहे. कला महाविद्यालयातली नोकरी सोडून नाना तिथं येऊन राहिले, तेव्हा गावाला वाटलं की मास्तरांनी संन्यास घेतला. नाना म्हणाले, संन्यास कसला, इथं उजेड चांगला आहे.

शार्दूल कोठावळे त्यांचा जुना विद्यार्थी. पुढं तो वास्तुविशारद झाला, पण घरं बांधण्यात त्याचा जीव कधी रमला नाही. जुनी देवळं, बारवा, वेशी यांची रेखाटनं करायची आणि इंटरनेटवरच्या 'चौकट' नावाच्या आपल्या पानावर टाकायची, हा त्याचा नाद. सोबत आवडलेल्या सिनेमातली एखादी फ्रेम, एखादं चित्र, त्यावर चार ओळी. बघता बघता लाखभर माणसं जमली. कौतुकानं माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात. शार्दूलच्या अंगावर ते चांगलं पसाभर चढलं होतं.

नाना शिकवायचे तेव्हा चुका तोंडावर सांगायचे. "ही रेघ घाबरली आहे," म्हणायचे आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. पण 'चौकट' नावारूपाला आली तसं त्यांनी शार्दूलला चुका सांगणं बंद केलं. शार्दूलनं त्याचा सोयीचा अर्थ लावला. चुका उरल्या नसतील, दुसरं काय?

आणि मग हा पाहुणा उपटला होता.

'पाहुणा' हे त्या माणसानं पानावर घेतलेलं नाव. फोटो नाही, गाव नाही, स्वतःचं एक चित्र नाही. शार्दूलनं काही टाकलं की लोकांच्या टाळ्या आणि बदाम यांच्यामध्ये कुठंतरी याची एक ओळ यायची. शिवी नाही, टोमणा नाही. नुसती ओळ.

शार्दूलनं एका बारवेचं रेखाटन टाकलं. खाली हजारभर 'अप्रतिम' जमले. पाहुण्यानं लिहिलं, "या पायऱ्या मधोमध झिजलेल्या असायला हव्यात. इतक्या बायका घागरी घेऊन उतरल्या, त्या कुठं गेल्या?"

एकदा शार्दूलनं जुन्या सिनेमातली एक फ्रेम टाकली आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडावर भरभरून लिहिलं. पाहुणा म्हणाला, "बाईची सावली खिडकीकडेच पडली आहे. म्हणजे उजेड खिडकीचा नाही. तुम्ही खिडकीचं कौतुक वाचून आला होता का?"

शार्दूल हसण्यावारी न्यायचा. पण रात्री अंथरुणावर पडला की त्याला हजार अप्रतिम आठवायचे नाहीत, ती एक ओळ आठवायची. पायात मोडलेला काटा जसा, दिसत नाही पण टेकू देत नाही.

मागच्या आठवड्यात मात्र कडेलोट झाला. पुण्यात शार्दूलच्या रेखाटनांचं प्रदर्शन ठरलं होतं, आणि त्यासाठी काढलेलं मुख्य चित्र त्यानं पानावर टाकलं. पाहुण्यानं लिहिलं...

"काय लिहिलं?" नानांनी विचारलं. आतापर्यंत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

शार्दूलला ते तोंडपाठ होतं. त्याला त्याचाही राग आला.

"पूर्वीची चित्रं तुम्ही समोरचं पाहून काढत होता. हे चित्र लोक काय म्हणतील ते पाहून काढलं आहे."

नानांनी शेंग फोडली. दाणा तोंडात टाकला. हळूहळू चावत राहिले.

शार्दूल पुढं सांगत सुटला. त्यानं लगेच ती ओळ उचलली, मोठ्या अक्षरात पानावर लावली आणि वर लिहिलं की या गृहस्थांना कोणीतरी एक पेन्सिल घेऊन द्या. एवढंच. पुढचं लोकांनी केलं. लाखातले काही हजार जरी अंगावर धावून गेले तरी एका माणसाला पळता भुई थोडी होते. कोणी त्याला जळका म्हटलं, कोणी नापास चित्रकार, कोणी त्याच्या आईवर गेलं. पाहुण्यानं एकालाही उत्तर दिलं नाही. त्याच संध्याकाळी त्याचं खातं बंद झालेलं होतं.

"मी शिव्या दिल्या नाहीत, नाना. एक शिवी दिली नाही."

"नाही दिलीस," नाना म्हणाले.

एवढ्यावर शार्दूलला जरा बरं वाटलं. खरं तर तो याचसाठी पुण्याहून गाडी हाकत आला होता. प्रदर्शनाचा दिवा नानांच्या हातून लावून घ्यायचा, हे बोलण्याचं निमित्त. खरं हवं होतं ते वेगळंच. त्या माणसाची ती शेवटची ओळ खोटी आहे, एवढं नानांनी एकदा म्हणावं. मग काटा निघेल. मग तो सुखानं झोपेल.

नानांनी वाटी बाजूला सारली, धोतराला हात पुसले आणि उशाशी ठेवलेला फोन काढला. शार्दूलनंच त्यांना आपला जुना फोन दिलेला. काचेला तडा गेला होता.

"बरं झालं आलास. हा बिघडलाय बघ."

"काय झालं?"

"तुझं पान उघडतं. पण नीट दिसत नाही."

शार्दूलचा कानांवर विश्वास बसेना. "तुम्ही... 'चौकट' बघता?"

"रोज. तोंड धुतलं की आधी तेच."

इतकी वर्षं शार्दूलनं या एका माणसाच्या एका शब्दाची वाट पाहिली होती. लाख लोकांचं कौतुक पदरात पडत होतं तेव्हाही मनातल्या मनात तो विचारत असे, नानांनी पाहिलं असेल का? आणि नाना रोज पाहत होते. तोंड धुतल्याबरोबर. त्याला वाटलं, आता दुसरं काही ऐकायची गरज नाही. त्याचे डोळे चक्क भरून आले आणि ते लपवायला त्यानं मान खाली घालून फोन हातात घेतला.

पान व्यवस्थित उघडत होतं. चित्रं दिसत होती. त्याचा मजकूर दिसत होता. तडा सोडला तर फोनला काहीही झालेलं नव्हतं.

"सगळं ठीक आहे की, नाना."

"कुठं ठीक आहे? चित्र वर सरकव. खाली ये. आणखी खाली..."

शार्दूल खाली आला. अप्रतिम. जबरदस्त. बदाम. टाळ्या.

"यात पाहुण्याचं काही दिसत नाही," नाना म्हणाले. "तो गेला, हे तू आता सांगितलंस. पण त्यानं आधी लिहिलेलं असेल ना? ते काढून दे मला."

शार्दूलचं बोट काचेवरच थांबलं.

"तुम्ही... त्याच्यासाठी?"

"तुझी चित्रंही दिसायची वाटेत," नाना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुठंही कुजकेपणा नव्हता, आणि तेच शार्दूलला फार लागलं.

बारवेत एक पारवा फडफडला आणि पुन्हा गप्प झाला.

"तुझं ते देवळाच्या खांबाचं चित्र होतं," नाना सांगू लागले. "फार देखणं. मी फोन जवळ घेऊन पाहिलं, लांब धरून पाहिलं. मला एक खोट सापडली नाही. म्हटलं, पोरगा पुढं गेला आपल्या. मग खाली याचं वाचलं. 'खांब सुंदर आहे, पण याच्या डोक्यावर छत आहे असं वाटत नाही.' ...मी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हतं वाटत. वजनच नव्हतं त्या खांबावर. जन्मभर मी खांब शिकवले, शार्दूल. मला दिसलं नव्हतं."

शार्दूल सुन्न झाला. नानांना दिसलं नव्हतं, असं वाक्य जगात असू शकतं हेच त्याला माहीत नव्हतं.

"म्हणून तुम्ही मला चुका सांगणं सोडलंत?"

"सांगणारा होता की. माझ्याहून बरा." नानांनी हात पुढं केला. "आण, काढून दे. ते खांबाचं आधी काढ."

"नाना..."

"काय?"

काही क्षण शार्दूलला वाटलं, थाप मारावी. फोन बिघडलाय म्हणावं, पुण्याला नेतो म्हणावं. पण नानांपुढं त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

"ते राहिलेलं नाही. मी... सगळं पुसलं. त्यानं पहिल्यापासून जे जे लिहिलं होतं ते. त्याच रात्री एकेक शोधून पुसत बसलो. माझं ते मोठ्या अक्षरातलंही काढलं. म्हटलं, मागं काही नकोच."

"सगळं?"

"सगळं."

"कुठं लिहून ठेवलेलं?"

"नाही."

नाना त्याच्याकडे पाहत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर शार्दूलनं मान खाली घालून ऐकून घेतलं असतं, त्याची त्याला सवय होती. पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. शार्दूलनं हा चेहरा एकदाच पाहिला होता. नानांचा धाकटा भाऊ गेल्याची तार घेऊन शिपाई वर्गाच्या दारात उभा राहिला होता, तेव्हा.

मग नाना उठले. कोनाड्यातला तांब्या घेतला. अंगावर सदरा होता, धोतर होतं, नाकावर चष्मा होता. चष्मा तेवढा त्यांनी काढून ओवरीत ठेवला आणि बारवेच्या पायऱ्या उतरू लागले.

"नाना, कुठं निघालात?"

शार्दूल मागोमाग उतरला. पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, त्याचे पुण्याचे बूट घसरत होते.

शेवटच्या पायरीवर नाना बसले. तांब्या बुडवला आणि भरलेला तांब्या डोक्यावर ओतला. सदऱ्यासकट. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला. ते थरथरत होते. हिवाळ्याचे दिवस, आणि त्या बारवेच्या तळाला भर दुपारीसुद्धा ऊन पोचत नाही.

शार्दूल खेड्यातच वाढलेला होता. अंगावरच्या कपड्यांनिशी, भलत्या वेळी, न बोलता माणूस डोक्यावर पाणी कधी घेतो हे त्याला कोणी सांगायला नको होतं. घरचं माणूस गेल्याची बातमी कानावर आली की घेतो.

एक भयंकर विचार त्याच्या मनात घुसला. त्या संध्याकाळी बंद झालेलं खातं. आईवरून दिलेल्या शिव्या. उत्तर न देणारा माणूस. आणि नानांना ते आधीपासून माहीत असेल तर? तो पाहुणा कोण, हेही माहीत असेल तर?

"नाना..." तो आणखी एक पायरी उतरला. "त्यानं... त्यानं जिवाचं काही करून घेतलं का? सांगा मला. माझ्यामुळे काही..."

तो पायरीवरच बसला. प्रदर्शन, दिवा, लाखभर माणसं, सगळं कुठल्या कुठं गेलं होतं. त्याला फक्त ती एक ओळ ऐकू येत होती, आणि ती लिहिणाऱ्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढं येत नव्हता. तो तरुण होता की म्हातारा? बाप्या होता की बाई? इतक्या दिवसांत त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

नानांनी तोंडावरचं पाणी निपटलं.

"तो मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण जिवंत असेल. अशी माणसं टाळ्यांवर जगत नाहीत, मग शिव्यांनी कशाला मरतील? बसला असेल कुठंतरी काहीतरी पाहत."

शार्दूलला हुंदका आवरला नाही. जीव भांड्यात पडला होता.

"मग..." त्यानं कसंबसं विचारलं, "मग हे पाणी कोणाच्या नावाचं? गेलं कोण, नाना?"

नानांनी तांब्या पुन्हा बुडवला. काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"तुझे गुरू गेले. मी उरलोय तो नुसता नमस्कार घ्यायला."