रिंगणीबाईचं आमंत्रण

ऐक, रिंगणीबाई, काटेरी माये, तुझी कहाणी ऐक.

आटपाट म्हणावं असं एक नगर. तिथं नारोपंत नावाचा म्हातारा ब्राह्मण राहत असे. त्याला दम्याची ढास. मुलगा परमुलखी गेलेला, घरात सून येसू. ती सासऱ्याला लेकरासारखी जपे.

चातुर्मास लागला. वांगं वर्ज्य झालं. नारोपंत पानावर बसे, वाटीत डोकावे, उसासा टाके. "सूनबाई, कार्तिकापर्यंत मी टिकेन ना गं?"

"वांग्यासाठी तरी टिकाल, मामंजी."

तो हसे, हसता हसता खोके. येसूला कळवळा येई.

मग ती बांधावर गेली. तिथं रिंगणी पसरली होती. अंगभर काटे, जांभळी फुलं, इवल्या वांग्यांसारखी फळं. येसू मनाशी म्हणाली, हे काही वांगं नव्हे, नेम मोडायचा नाही. कुणाला पुसलं नाही, झाडाला हात जोडले नाहीत. फळं तोडली, भाजी केली. नारोपंतानं घास घेतला, तो कडू जहर. पण सुनेची हौस पाहिली, मुकाट्यानं वाटी संपवली.

मग पोटात कळ उठली. ओकाऱ्या झाल्या, ढास चढली, श्वास कोंडला.

"मामंजी, कडू होतं तर बोलायचं नाही?"

"तू… माझ्या तोंडाकडे बघत होतीस ना गं."

येसू रडत बांधावर धावली, झाड उपटू लागली. एकदा ओढलं, काटा रुतला. दोनदा ओढलं, रक्त आलं. तिसऱ्यांदा ओढलं, तो जांभळ्या लुगड्याची बाई समोर उभी.

"चोरटे, वर माझ्यावरच राग?"

"आई, चुकले. मामंजींना वाचव."

"विष ओकून पडलं. कोमट पाणी पाज. आता उरला दमा. माझ्या फळात विष, मुळीत औषध."

"मग मुळी आत्ताच नेते."

"पाहुणी बोलावल्यावाचून येते होय? वसा घे. तिन्हीसांजेला हळदकुंकू वाहा, अक्षता ठेव, म्हण, 'रिंगणीबाई, उद्या आमच्या घरी या.' उजाडताना मुळी खण. फळाला शिवू नको, शेजारचं झाड राख."

येसूनं वसा घेतला. सासऱ्याला भिंतीशी टेकवून बसवलं. त्याच्या दर श्वासाला तिचा जीव खालीवर होई. उजाडलं, मग मुळी आणली, काढा उकळला, मध घातला. पहिल्या घोटाला कफ सुटला. दुसऱ्या घोटाला छाती मोकळी झाली. तिसऱ्या घोटाला नारोपंतानं डोळे उघडले.

"पोरी, कालपासून तू काही खाल्लंस का?"

येसूनं मान हलवली, नाही. मग तिला रडू फुटलं.

"आधी दोन घास खा. मी कुठं जात नाही."

रिंगणीबाई जशी नारोपंताच्या उरात वारा होऊन आली, तशी सांगणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या घरी बोलावल्या वेळी येवो. साठा उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सरली, सुफळ झाली.