केरबा सायकलवरून लग्नाला निघतो

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं. गावात त्याच्यासाठी दुसरा शब्द होता, तो पोराबाळांसमोर कुणी काढत नसे. कुणी काही सांगितलं की केरबा ते मनात गच्च बांधून ठेवायचा आणि नको तिथे सोडायचा.

त्याच्या भाचीचं लग्न होतं, तालुक्याच्या गावी. मुहूर्त दुपारी बाराचा. बहीण हौसा आठ दिवस बजावत होती, "दादा, मामानं हात धरून आणल्याबिगर पोरगी मांडवात येत न्हाई. तुझ्यापायी मुहूर्त टळला तर सोयरं मांडवातनं उठून जातील." सोयरे तापट होते. हौसाचा जीव टांगणीला लागला होता.

केरबाची बायको आदल्या दिवशीच मदतीला गेली. जाताना म्हणाली, "म्हशीची धार काढा, मग सायकलीनं या. आन् रस्त्याच्या कडंनं या."

केरबा सकाळी निघाला. कडेनंच निघाला. कोसभर गेला तर कडेला दुधाचा टेम्पो पंक्चर होऊन उभा. केरबा उतरला आणि टेम्पोच्या मागं उभा राहिला. ड्रायव्हरनं चाक काढलं, दुसरं बसवलं, हात धुतले, तंबाखू मळली. केरबा उभाच.

"काय पाव्हणं, काय पायजे?"

"काय न्हाई. तुमी हलायची वाट बगतोय. मला कडंनंच जायाचं हाय."

ड्रायव्हरनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कडंला काय आडवं आलं तर मधनं जायाचं असतं, पाव्हणं."

केरबाला पटलं. आता कडेला काही ना काही असतंच. बाभूळ असते, मैलाचा दगड असतो, बसलेली म्हैस असते. त्यामुळे केरबानं जी मधली पांढरी रेघ धरली ती सोडलीच नाही. मागून उसाचा ट्रक आला. ट्रकनं हॉर्न वाजवला, परत वाजवला, मग वाजवतच राहिला. शेवटी ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढून केरबाच्या सात पिढ्यांची आठवण काढली आणि ओरडला, "हॉर्न वाजला की खाली उतरून बाजूला व्हावं, येवढी अक्कल न्हाई?"

"आता आली," केरबा म्हणाला आणि उतरला.

तालुक्याच्या चौकात पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते. चौकात हॉर्नला काय तोटा. हॉर्न वाजला की केरबा उतरे, थांबला की चढे. उतरे, चढे, उतरे, चढे. तो अडला म्हणून गाड्या अडल्या, गाड्या अडल्या म्हणून हॉर्न वाढले, आणि हॉर्न वाढले म्हणून केरबा जास्तच जोरात उतरायला लागला. शिट्टी फुंकत हवालदारीणबाई आल्या.

"काय चाललंय हे?"

"हॉर्न वाजला की उतरतोय, बाईसाहेब."

"मग चढता कशाला?"

"लग्नाला जायाचंय."

बाईंनी कपाळावर हात मारला. "ऐका. मागचे बोंबलले तर बोंबलू द्या, तिकडं ध्यान द्यायचं नाही. समोरून कोण अंगावर आलं तर मात्र झटकन डावीकडं व्हायचं. बरोबर कोण असेल तर त्यालाही ओढायचं. समजलं?"

"समजलं," केरबा म्हणाला. हाच तर घोटाळा होता.

बाराला पाच कमी असताना तो मांडवात घुसला. हौसानं देवाला हात जोडले. केरबानं भाचीचा हात धरून तिला पाटावर उभं केलं आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला. नवरदेवानं हार उचलला, दोस्तांनी त्याला मागून रेटलं आणि तो हार घेऊन पुढं आला.

समोरून अंगावर आला.

केरबानं भाचीला झटकन डावीकडं ओढलं. तो स्वतः सरकायच्या आत हार त्याच्याच गळ्यात पडला.

भटजींची मान पोथीत होती. "पडला हार? छान. आता तुम्ही घाला."

केरबानं आजवर कुणाचा शब्द मोडला नव्हता. त्यानं भाचीच्या हातातला हार घेतला आणि नवरदेवाच्या गळ्यात नीट घातला. मागून हौसा बोंबलत होती, तिकडं त्यानं ध्यान दिलं नाही. वाजंत्री वाजली. अक्षता पडल्या.

सोयरे बाह्या सरसावून उठले. तेवढ्यात केरबाची बायको पुढं झाली आणि तिनं नवरदेवाच्या आईपुढं हात जोडले.

"घिऊन जावा ह्यास्नी, विहीणबाई. फकस्त परत धाडायचं न्हाई."