शिळेमागचा ठोका

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका कड्यात भिक्खूंची लेणी होती. सगळ्यात आत एक अंधारी खोली. बोधाची आस लागलेला भिक्खू तिच्यात एकटा बसे आणि बाहेरून शिळा लावली जाई. आतून ठोका आला, की विहारातले दोन थेर, म्हणजे दोन वडीलधारे गुरू, मिळून शिळा बाजूला करत. दोघांचेही हात लागल्याशिवाय ती हलवायची नाही, असा नियमच होता.

एक भिक्खुणी दूरच्या गावी वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, करून परतली. तिचा धाकटा भाऊ त्या खोलीत बसला होता. पायथ्याशीच तिला ठोके ऐकू आले. ठक्. ठक्. झाडांवरची पाखरं गप्प होती. ती धावत वर चढली.

शिळेसमोर दोन्ही थेर वाद घालत बसले होते. मागे सगळे भिक्खू माना खाली घालून उभे.

"पहिला ठोका कसा कडाडला!" उंच थेर म्हणाले. "बोध असाच होतो. एका क्षणात, विजेसारखा."

"मग आता हे सावकाश ठोके कसले?" बुटके थेर हसले. "बोध पायरीपायरीने होतो. त्याच्या पायऱ्या अजून उरल्यात."

"तुमची गोगलगाय पोहोचेपर्यंत डोंगर झिजेल!"

"आणि तुमची वीज चमकली, की मागे पुन्हा काळोखच!"

"भंते, आधी शिळा काढा," भिक्खुणी म्हणाली. "कधीपासून ठोकतोय तो?"

"पौर्णिमेपासून," मागून कुणीतरी पुटपुटलं. आज अमावास्या होती.

"आत पाणी किती होतं?"



"मुली, मार्ग ठरण्याआधी दार उघडलं, तर त्याची साधना मोडेल," उंच थेर म्हणाले. बुटक्या थेरांनी मान डोलावली. इतक्या दिवसांत दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

तिने लेणी खोदणाऱ्यांची पहार उचलली.

"नियम मोडतेस!" दोघे ओरडले.

"मोडते," ती म्हणाली आणि पहार फटीत घातली. ठोके चालूच होते. पहारीतून ते तिच्या तळहातांना जाणवत होते. शिळा सरकली, तसे ते थांबले.

भाऊ आत ताठ बसला होता. पाण्याचा भोपळा कोरडा, आडवा पडलेला. तिने त्याचा खांदा धरला. तो दगडाहून गार होता. त्याच्या बोटांपासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि जाळ्याचा एकही धागा तुटला नव्हता.

मग एवढा वेळ ठोकत कोण होतं?

उंच थेर आत वाकले. "बघा, चेहरा किती शांत! एका क्षणात झालं."

"छे, छे! ही शांती हळूहळूच येते."

"तो तहानेने गेला," भिक्खुणी म्हणाली. तिने भावाला खांद्यावर घेतलं आणि डोंगर उतरू लागली. तिच्यामागून एकेक करत सगळे भिक्खू उतरले.

खोलीत थेर दोघेच उरले. तेवढ्यात समोरच्या भिंतीतून आवाज आला. ठक्. मग छतातून. मग त्यांच्या पायांखालून. दोघे पांढरेफटक पडले. पण उठले नाहीत. हा ठोका क्षणाचा की पायरीचा, यावर त्यांची पुन्हा जुंपली.

लेणी आता ओस आहेत. तिकडे गुरं चारायला कुणी जात नाही. आत दोन म्हातारे आवाज अजून भांडत असतात, आणि ठोका थांबत नाही.

म्हणून ऐका, लहानांनो आणि विशेषतः थोरांनो: दार ठोठावणाऱ्याला आधी बाहेर काढावं, मार्गाचा वाद मागाहून त्याच्यासमोर बसून घालता येतो.