डाव्या मनगटाची नाडी

"आणि मला का नाही बसवलंत?" रेनशूनं विचारलं.

म्हातारे वैद्य चुआन संत्र्याच्या वाळक्या साली चिरत बसले होते. चीनमधल्या त्या डोंगराळ गावात त्यांचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि पुढं अंगण.

"कुठं बसवलं नाही?"

"रोग्यांची नाडी बघायला! तुमची औषधं उकळता उकळता माझे केस पिकले, गुरुजी. आणि गादी कुणाला? परवा आलेल्या त्या बाओला?"

बोलता बोलता त्यानं पोट धरलं. जठराची सूज फार जुनी. जेवला तरी जळजळ, उपाशी राहिला तरी जळजळ. पेज झाली, ज्येष्ठमध झाला, आग काही विझेना.

"पोट?"

"ते राहू द्या. मी नाडीचं विचारतोय."

"मीही नाडीचंच विचारतोय. स्वतःची बघतोस ना?"

"रोज बघतो. उजव्या हाताची. पोटाची नाडी उजव्या मनगटावर, तुम्हीच शिकवलंत."

"आणि डाव्या?"

"डाव्या मनगटावर यकृताची. माणसाचा राग, कुढणं तिथं साठतं. ते बिघडलं की पोटावर चाल करून येतं..." रेनशू घोकलेलं म्हणून मोकळा झाला. "पण माझं यकृत ठणठणीत आहे."

"बघितलंस कधी?"

रेनशूनं डावा हात बाहीत ओढून घेतला.

"बघ."

त्यानं नाइलाजानं तीन बोटं डाव्या मनगटावर टेकवली. जरा वेळ गेला.

"घ्या! काही नाही इथं."

तेवढ्यात अंगणातून बाओचा आवाज आला, "अहो आजी, जीभ दाखवा म्हटलं, वेडावून नका दाखवू!" त्याच्यापुढच्या रांगेतले सगळे रोगी खो खो हसले. आजीसुद्धा.

रेनशूच्या बोटांखाली नाडी ताठ झाली. धनुष्याची दोरी ओढावी तशी.

बाहेर पुन्हा हशा पिकला. दोरी आणखी ताणली... आणि पोटात आगीचा लोळ उठला.

बोटं त्याला उचलवेनात. गुरूंकडे बघवेना.

बाहेरचं हसू ओसरलं. साली चिरल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"गुरुजी..." अखेर तो हळूच म्हणाला, "मला औषध द्या."

वैद्यांनी सुरी खाली ठेवली. उघड्या दारातून अंगणाकडे बघितलं.

"रांग मोठी आहे रे बाळा. जा, शेवटी उभा राहा."