आकड्याचं पातं

एकदा एका अरण्यात एक वृद्ध धनुर्धर राहत असे. कोणतं अरण्य, कोणत्या राजाचा काळ, हे मला विचारू नका. नकाशा उघडून बसलात तर गोष्ट हातची जाईल. एवढंच ध्यानात घ्या की तिथे सकाळ फार सावकाश व्हायची. धुकं आधी नदीवर पडून राहायचं, मग उठून मोहाच्या झाडांतून फिरायचं, आणि त्यातून चालणारी माणसं अर्धी जागी, अर्धी स्वप्नात असायची.

या वृद्धाला सारा पाडा 'आजा' म्हणे. पाड्याची एक रीत होती. ज्याला पहिल्यांदाच शिकारीला जायचं असेल, त्याने आदल्या दिवशी आपल्या बाणाचं पातं आज्याला दाखवायचं. आजा 'हो' म्हणाला तर धनुष्य उचलायचं, नाहीतर मुकाट्याने घरी जाऊन भाकरी खायची. पाड्यातले भलेभले तगडे गडी त्या अंगणातून तोंड पाडून परतलेले होते.

आज्याचा एक शिष्य होता, धाकू. त्याची आई लवकर गेली. थोरल्या भावाने, लखमाने, त्याला लहानाचा मोठा केला. आदल्या सुगीत एका रानडुकराने लखमाच्या मांडीत सुळा घातला आणि तेव्हापासून लखमा काठीच्या आधाराने चाले. तो स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. पण धाकूच्या मनात ते डुक्कर रात्रंदिवस धावत होतं. मला सांगा, अशा माणसाला कुणी कसं समजवावं? आपल्या माणसासाठी आलेला राग माणसाला पुण्यासारखा वाटतो.

त्याच सुमारास पाड्यावर एक व्यापारी आला. त्याच्याजवळ लखलखीत पाती होती, रुंद, आणि दोन्ही बाजूंना मागे वळलेले आकडे असलेली. व्यापारी म्हणाला, "गड्या, हे एकदा रुतलं की रुतलं. जनावर पळो, झाडाला अंग घासो, काही करो, बाहेर निघायचं नाही." धाकूने मधाचं मडकं देऊन एक पातं घेतलं आणि त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तो आज्याच्या अंगणात गेला. आज्याने ते पातं उन्हात धरून उलटसुलट पाहिलं. मग आपल्या छपरातून एक साधं पातं काढलं, दोन धारांचं, सरळ, बिनआकड्याचं. मनगटावरून हलकेच फिरवलं तशी तिथली लव उतरली. दोन्ही पाती त्याने दोन बाणांना बसवली आणि म्हणाला, "धाकू, तुझी गोधडी घेऊन ये."

"गोधडी कशाला, आजा?"

"आण म्हटलं ना!"

ती गोधडी धाकूच्या आईने आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली होती. आईची तेवढीच एक वस्तू त्याच्याजवळ उरली होती. थंडी असो नसो, ती अंगावर घेतल्याशिवाय त्याचा डोळा लागत नसे. आज्याने ती घेतली, पेंढ्याच्या भाऱ्यावर नीट पसरली, मागे सरला, आणि धाकू तोंड उघडण्याआधी दोन्ही बाण तिच्यात मारले!

"आजा! आईची आहे ती! भ्रमिष्ट झालात का?"

"बाण काढ," आजा शांतपणे म्हणाला.

साधं पातं धाकूने ओढलं तसं अलगद निघून आलं. मागे नखाएवढी चीर राहिली. दुसरं निघेना. त्याने हळू ओढलं, पिळून पाहिलं, आतून हात घालून पाहिला. शेवटी रडकुंडीला येऊन हिसका दिला तेव्हा गोधडी टर्रकन फाटली आणि आकड्यांना आईच्या लुगड्याच्या चिंध्या लोंबू लागल्या. धाकूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्याने पुसलंही नाही.

आजा त्याच्याजवळ बसला. "ही चीर एका टाक्यात मिटेल. या भगदाडाला ठिगळ लावावं लागेल, आणि ते जन्मभर दिसेल. बाळा, पातं विकणारा नेमावर लागलेल्या बाणाचीच गोष्ट तुला सांगतो. नीट लागलेल्या बाणाला काय, नुसती धार पुरते. जनावराला कळायच्या आत त्याचा जीव जातो. आकड्यांचं तिथे कामच नाही. पातं निवडायचं ते चुकलेल्या बाणासाठी. कधीच न चुकणारा धनुर्धर मी आजवर पाहिला नाही. नदीवर वाकून पाणी पितो, तेव्हा माझ्या प्रतिबिंबातही तो दिसत नाही. आणि चुकलेला बाण हवेत विरून जात नाही रे. तो कुणात तरी जाऊन बसतो. तिथून तो परत निघेल का, एवढंच आधी विचारावं."

"डुक्कर म्हणजे काही आईची गोधडी नव्हे," धाकू घुश्शात म्हणाला. "आणि सुटलंच, तर तडफडू दे की! दादा नाही तडफडला?"

आजा उठला. त्या दिवशी त्याने रीत मोडली. हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "दोन्ही बाण घेऊन जा," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धाकू कुणालाही न सांगता निघाला. फाटकी गोधडी खांद्यावर होती, कारण थंडी होती आणि दुसरं पांघरूण नव्हतं. धुकं एवढं दाट की आपलेच पाय परक्याचे वाटावेत. मोहाची फुलं टपटप गळत होती. त्या गोड वासात धाकूला आई आठवली, लखमाच्या पाठीवर बसून ओढा ओलांडलेला आठवला, आणि आपण शिकारीला आलो आहोत हेच क्षणभर तो विसरला.

तेवढ्यात धुक्यातून डुक्कर निघालं. तेच! काळं, केवढं तरी, फुलं हुंगत निवांत चाललेलं.

धाकूचा हात आकड्याच्या बाणावर गेला. बाण उचलताना गोधडी खांद्यावरून घसरली, ती सावरायला दुसरा हात गेला आणि बोटं नेमकी त्या भगदाडात शिरली. लोंबणाऱ्या चिंध्या बोटांना लागल्या. तो थबकला. काय वाटलं ते त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही. त्याने गोधडी खाली ठेवली, आकड्याचा बाण परत भात्यात सारला आणि साधा बाण चढवला.

बाण सुटला. त्याच क्षणी डुकरामागच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी खसफसलं, डुक्कर बिचकून वळलं, आणि बाण त्याच्या पाठीवरून जाऊन सरळ जाळीत शिरला.

जाळीतून आवाज आला, "आई गं!"

डुक्कर धुक्यात पळालं, पण धाकूचं तिकडे लक्षही गेलं नाही. तो आवाज त्याने लहानपणापासून ऐकला होता. धडपडत, काट्यांतून, तो आत घुसला. लखमा बसला होता, काठी बाजूला पडलेली, आणि धडधाकट पायाच्या पोटरीत बाण.

"दादा! तू इथे कशाला आलास रे?"

"एकटा गेलास म्हटल्यावर काय, चुलीपुढे बसू?" लखमा दात आवळून म्हणाला. मग भावाचं पांढरंफटक तोंड पाहून त्याला हसू आलं. "एक पाय डुकराला दिला, म्हटलं दुसरा तुला द्यावा. काढ आता! बघत काय बसलास?"

धाकूने डोळे मिटले, बाण धरला आणि ओढला. पातं अलगद निघून आलं.

मग मात्र तो भावाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडला. लखमाला वाटलं, पोरगा रक्ताला घाबरला. पोरगा कशाला घाबरला होता, ते भात्यातल्या दुसऱ्या बाणालाच ठाऊक होतं. गोधडीचा एक पदर फाडून धाकूने जखम घट्ट बांधली आणि ज्या पाठीवर बसून तो लहानपणी ओढा ओलांडत असे, त्या भावाला आपल्या पाठीवर घेऊन पाड्यात आणलं.

लखमाची जखम महिन्याभरात मिटली. एका सकाळी आजा त्याला पाहायला आला, तर अंगणात धाकू दगडावर काहीतरी घासत बसलेला. शेजारी धुऊन वाळत टाकलेली गोधडी, तिच्यावर नवं ठिगळ.

"काय चाललंय?" आज्याने विचारलं.

"आकडे घासून काढतोय."

"मग? शिकारीला कधी जायचं?"

"तुम्ही हो म्हणाल तेव्हा."

आजा त्याच्याजवळ बसला. "हो," म्हणाला, आणि पातं धरायला आपलाही हात लावला.

वाचकहो, आपल्या भात्यात शब्द असतात. रागाच्या भरात एखादा उचलाल, तेव्हा जाळीमागे आपलंच माणूस बसलेलं असू शकतं, एवढं मनात असू द्या.